चालक डावीकडे, कागदही डावीकडेच!

जुन्या मोटारींच्या फेरीत गर्दीचे लक्ष सहसा चकचकीत बंपर, लांबलचक बॉनेट आणि पितळी भोंग्यांकडे असते. त्यात एखादी अमेरिकी बनावटीची, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली गाडी असली, तर मुले हमखास विचारतात, ‘‘यांचा ड्रायव्हर उलट बाजूला कसा?’’ मोठ्यांना मात्र वेगळाच प्रश्न पडतो. गाडी कायदेशीर आहे का? असल्यास इतर गाड्यांच्या काचेवर डावीकडे लावले जाणारे स्टिकर या गाडीला नेमके कुठे लावायचे? डावीकडे लावावे तर ते थेट चालकाच्या डोळ्यांसमोर येते. उजवीकडे लावावे तर नियम मोडतो. वरकरणी हा प्रश्न किरकोळ वाटतो. परंतु त्याच्या उत्तरात शंभर वर्षांचा रस्ते वाहतुकीचा इतिहास, कायद्याची भाषा आणि चालकाची सुरक्षितता अशा तिन्ही गोष्टी गुंतलेल्या आहेत.

कागद कुणासाठी असतो?

वाहनाची कागदपत्रे दोन प्रकारची असतात. पहिला प्रकार जवळ बाळगण्याचा आणि मागितल्यावर दाखवण्याचा. नोंदणी प्रमाणपत्र, म्हणजे बोलीभाषेतले आरसी बुक, विम्याचे प्रमाणपत्र, पीयूसी आणि चालकाचा परवाना ही कागदपत्रे या प्रकारात मोडतात. दुसरा प्रकार प्रदर्शित करण्याचा. गाडी थांबवावी न लागता, चालकाशी एक शब्दही न बोलता, बाहेरून पाहणाऱ्याला हवी ती माहिती मिळावी, हा या दुसऱ्या प्रकाराचा हेतू असतो. क्रमांकाची पाटी हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. समोरच्या काचेवरील अधिकृत स्टिकर हे त्याचे दुसरे रूप.

हा भेद ध्यानात घेतला की पुढचा गुंता बराचसा सुटतो. काचेवरचा कागद हा चालकासाठी किंवा शेजारी बसलेल्या प्रवाशासाठी नसतो. तो रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या तपासनिसासाठी असतो. म्हणूनच त्याची जागा ठरवताना गाडीत चालक कुठे बसतो, याचा विचार होत नाही. रस्त्याची कड कोणत्या बाजूला येते, एवढेच पाहिले जाते. ज्या देशात वाहने डावीकडून चालतात तेथे पदपथ गाडीच्या डाव्या हाताला असतो. उभ्या गाड्यांची रांग तपासत जाणाऱ्या हवालदाराला वाहत्या रस्त्यात न उतरता, पदपथावरूनच काचेवरचा मजकूर वाचता आला पाहिजे. डावी बाजू निवडण्यामागे एवढे साधे आणि शहाणपणाचे कारण आहे.

गफलत होते ती सोप्या भाषेमुळे. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावी बाजू म्हणजे चालकाशेजारच्या प्रवाशाची बाजू. त्यामुळे ‘स्टिकर प्रवाशाच्या बाजूला लावा’ असे तोंडी सांगण्याची पद्धत पडते. शंभरातल्या जवळपास सर्व गाड्यांना ही सूचना बिनचूक लागू पडते. डाव्या स्टिअरिंगची गाडी समोर आली की मात्र ती नेमकी उलटी ठरते. कारण तेथे प्रवासी उजवीकडे असतो. नियमाचे मूळ शब्द आणि त्याचा रोजच्या बोलण्यातला अनुवाद यांत पडलेले हे अंतर या गाड्यांच्या मालकांना वारंवार अडचणीत आणते.

ब्रिटनची गोल चकती

काचेवर कागद लावण्याच्या पद्धतीचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील ‘टॅक्स डिस्क’चे. वाहनकर भरल्याचा पुरावा म्हणून दिली जाणारी ही गोल कागदी चकती १ जानेवारी १९२१ रोजी सुरू झाली आणि तब्बल ९३ वर्षे ब्रिटिश मोटारींच्या काचेवर टिकून राहिली. दरवर्षी तिचा नमुना बदलत असे. जुन्या चकत्या जमवण्याचा छंदही तेथे रुजला.

ही चकती कुठे लावायची, याविषयी ब्रिटिश नियमांनी ‘प्रवाशाची बाजू’ असा शब्द वापरला नव्हता. त्यांचा शब्द होता ‘निअरसाइड’. हा शब्द घोड्यांच्या जमान्यातला. स्वार घोड्यावर डावीकडून चढतो म्हणून घोड्याची डावी बाजू ती ‘जवळची’ आणि उजवी ती ‘लांबची’. मोटारी आल्यावर हेच शब्द त्यांना चिकटले. डावीकडून वाहने चालवणाऱ्या ब्रिटनमध्ये निअरसाइड म्हणजे पदपथाकडची, अर्थात डावी बाजू. वाहन नोंदणी व परवान्यांविषयीच्या २००२ च्या ब्रिटिश नियमावलीतही काच असलेल्या गाडीला चकती काचेच्या निअरसाइडलाच असली पाहिजे आणि दिवसाउजेडी तिच्यावरील तपशील रस्त्याच्या त्या बाजूने स्पष्ट वाचता आला पाहिजे, असे म्हटले होते.

या नियमात स्टिअरिंगचा उल्लेख नव्हता. फ्रान्स वा जर्मनीतून आणून ब्रिटनमध्ये नोंदवलेल्या डाव्या स्टिअरिंगच्या गाडीलाही चकती डावीकडेच लावावी लागे. चालकाच्या पुढ्यात येत असली तरीही! चकती लहान होती, तिचा व्यास जेमतेम साडेसात सेंटिमीटर. ती काचेच्या खालच्या कोपऱ्यात लावली की दृष्टीला फारसा अडथळा येत नसे. कर भरलेला असूनही चकती न दाखवणे हा तेथे स्वतंत्र गुन्हा होता. कर भरणे हे एक कर्तव्य आणि तो भरल्याचे दाखवणे हे दुसरे, अशी ही व्यवस्था होती.

१ ऑक्टोबर २०१४ पासून ब्रिटनने ही चकती बंद केली. कराची नोंद संगणकावर असते आणि रस्त्यावरचे कॅमेरे क्रमांकाची पाटी वाचून ती नोंद क्षणात पडताळून पाहतात, मग कागदाची गरज काय, असा त्यामागील विचार होता. मात्र त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. ब्रिटनच्या वाहतूक खात्याच्या सर्वेक्षणानुसार २०१३ मध्ये रस्त्यावरील सुमारे ०.६ टक्के वाहने करविना धावत होती. चकती गेल्यावर २०१५ मध्ये हे प्रमाण १.४ टक्क्यांवर आणि २०१७ मध्ये १.८ टक्क्यांवर गेले. गाडी विकली की तिच्यावरील उरलेला करही संपुष्टात येण्याचा नवा नियम त्याच वेळी लागू झाल्याने अनेक जण अजाणतेपणीही चुकले असतील. तरीही काचेवरची एक छोटी चकती मालकाला रोज मुदतीची आठवण करून देण्याचे काम करत होती, हे यातून दिसून येते.

आरशातले प्रतिबिंब

युरोपच्या मुख्य भूमीवर हेच तत्त्व आरशात पाहावे तसे उलटे दिसते. तेथे वाहने उजवीकडून चालतात, पदपथ उजव्या हाताला असतो. जर्मनीतील अनेक शहरांच्या मध्यवर्ती भागात २००८ पासून ‘पर्यावरण क्षेत्रे’ आखली गेली. अशा क्षेत्रात जायचे तर गाडीच्या प्रदूषण-श्रेणीचा रंगीत गोल स्टिकर काचेवर हवा आणि तो काचेच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात आतून लावावा लागतो. फ्रान्समध्ये विम्याचा छोटा हिरवा कागद काचेवर उजवीकडे खाली लावण्याची सक्ती होती; ती १ एप्रिल २०२४ पासून रद्द झाली.

जर्मन किंवा फ्रेंच चालक डावीकडे बसतो, त्यामुळे उजव्या कोपऱ्यातला स्टिकर त्याला त्रास देत नाही. ब्रिटनमधून स्वतःची उजव्या स्टिअरिंगची गाडी घेऊन जर्मनीत शिरणाऱ्या प्रवाशाला मात्र तो अगदी पुढ्यात लावावा लागतो. लंडनमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीत बोगद्याने किंवा बोटीने गाडीसह युरोपात जातात, तेव्हा त्यांनाही हा अनुभव येतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीमालकाची भारतातील अडचण आणि उजव्या स्टिअरिंगच्या गाडीमालकाची जर्मनीतील अडचण एकच आहे. दोघांनाही उत्तर एकच मिळते. स्टिअरिंग विसरा, रस्त्याची कड पाहा.

भारतात अशा गाड्या चालतात का?

आता आपल्याकडे वळू. ‘डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांना भारतात बंदी आहे’ असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धसत्य आहे. आयात धोरणानुसार भारतात आणल्या जाणाऱ्या नव्या मोटारींना उजव्या बाजूचे स्टिअरिंग असणे आवश्यक आहे. त्यामुळे परदेशी बाजारातली डाव्या स्टिअरिंगची नवी गाडी हौस म्हणून विकत घेऊन येथे आणता येत नाही. मात्र रस्त्यावर चालवण्याबाबत मोटार वाहन कायदा, १९८८ काय म्हणतो, ते वेगळे आहे. या कायद्याच्या कलम १२० नुसार डाव्या स्टिअरिंगचे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालवण्यास मनाई आहे. परंतु विहित स्वरूपाचे यांत्रिक किंवा विजेवर चालणारे इशारा-साधन त्यावर बसवलेले आणि चालू स्थितीत असेल, तर ही मनाई लागू होत नाही.

ही अट का घातली गेली असावी, हे जुन्या काळची वाहतूक डोळ्यांसमोर आणली की उमगते. वळणाचे दिवे सर्रास नव्हते, तेव्हा चालक खिडकीतून हात बाहेर काढून वळण्याचा, थांबण्याचा इशारा देत. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत हा हात रस्त्याच्या मध्यभागाकडे बाहेर येतो आणि मागच्यापुढच्या सर्वांना दिसतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत चालकाचा हात बाहेर आला तरी तो पदपथाच्या दिशेने येणार. उजवीकडून ओलांडून जाऊ पाहणाऱ्या मागच्या चालकाला तो दिसणे कठीण. म्हणून हाताची जागा घेणारे साधन कायद्याने बंधनकारक केले. आज प्रत्येक मोटारीत इंडिकेटर असतात, त्यामुळे ही अट क्षुल्लक वाटते. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या गाडीच्या मालकासाठी मात्र ती आजही सर्वांत महत्त्वाची आहे. अशा गाडीचे इंडिकेटर बंद पडले, तर तो साधा बिघाड राहत नाही. गाडी रस्त्यावर आणण्याचा आधारच निसटतो.

गोव्याचा इतिहास या संदर्भात लक्षवेधी आहे. पोर्तुगालने १९२८ मध्ये डावी बाजू सोडून उजवीकडून वाहने चालवण्याची पद्धत स्वीकारली. परंतु ज्या वसाहतींच्या सीमा डावीकडून वाहतूक चालणाऱ्या प्रदेशांना भिडलेल्या होत्या, तेथे हा बदल केला गेला नाही. गोवा त्यांपैकी एक. लिस्बनमध्ये वाहतूक उजवीकडे गेली, पणजीत ती डावीकडेच राहिली. उलट उदाहरण स्वीडनचे. तेथे वाहने डावीकडून चालत, पण बहुतांश गाड्यांचे स्टिअरिंगही डावीकडेच होते. ही विसंगती ३ सप्टेंबर १९६७ रोजी सारा देश एका रात्रीत उजवीकडे वळवून दूर करण्यात आली.

काचेवरची तिसरी खूण

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला काचेवरचे गोल कर-टोकन आठवत असेल. मुंबई मोटार वाहन कर अधिनियम, १९५८ खालील कर भरल्याची ती खूण होती. मोटारींसाठी एकरकमी कराची पद्धत आल्यावर खासगी गाड्यांच्या काचेवरून ती ओसरली. आज खासगी मोटारीच्या काचेवर शासनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा कागद आहे तो नोंदणीची ‘तिसरी खूण’ ठरणारा होलोग्राम स्टिकर.

उच्च सुरक्षा क्रमांक पाटीच्या, म्हणजेच एचएसआरपीच्या व्यवस्थेत पुढची पाटी ही पहिली खूण, मागची दुसरी आणि काचेवरील स्टिकर ही तिसरी. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ५० नुसार हा स्टिकर समोरच्या काचेच्या डाव्या बाजूला, वरच्या भागात लावायचा असतो. त्यावर नोंदणी प्राधिकाऱ्याचे नाव, नोंदणी क्रमांक, पाट्यांवर लेझरने कोरलेले क्रमांक, इंजिन क्रमांक व चॅसिस क्रमांक असा तपशील असतो. आकार १०० मिलिमीटर बाय ६० मिलिमीटर. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील वाहनांसाठी इंधनानुसार रंगीत स्टिकरची योजना मान्य केली. पुढे हे रंग नियमांतही आले. पेट्रोल व सीएनजीसाठी फिकट निळा, डिझेलसाठी नारिंगी आणि इतरांसाठी करडा. भारत स्टेज सहा मानकाच्या गाड्यांच्या स्टिकरवर वरच्या कडेला हिरवी पट्टी असते. १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांना ही संपूर्ण व्यवस्था सक्तीची झाली आणि त्यानंतर जुन्या गाड्यांनाही ती लागू करण्याची मोहीम राज्याराज्यांत सुरू झाली.

या नियमातही ‘डावी बाजू’ असेच शब्द आहेत. ‘प्रवाशाची बाजू’ असे नाहीत. डावी म्हणजे गाडीत समोर तोंड करून बसलेल्याची डावी. समोरून पाहणाऱ्याला ती आपल्या उजव्या हाताला दिसते. पाट्या बसवणाऱ्या केंद्रावर कारागीर गाडीपुढे उभा राहून काम करतो, तेव्हा येथे हमखास गोंधळ होऊ शकतो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीबाबत तर तो दुप्पट होतो, कारण ‘चालकासमोर कसे लावायचे?’ अशी शंका त्याच्याही मनात येते.

येथे चूक महागात पडते. हा स्टिकर ‘स्वयंनाशी’ असतो. काढू गेल्यास तो फाटून निकामी व्हावा, अशीच त्याची घडण असते. चोरीच्या गाडीवर दुसऱ्या गाडीचा स्टिकर चिकटवता येऊ नये, यासाठी ही योजना. परिणामी चुकीच्या कोपऱ्यात लावलेला स्टिकर सोलून योग्य जागी लावण्याची सोय नाही. नवा मागवावा लागतो. म्हणून डाव्या स्टिअरिंगच्या गाडीच्या मालकाने केंद्रावर स्वतः हजर राहून जागा आधी दाखवून द्यावी आणि मगच पाठीमागचा कागद सोलू द्यावा, हे श्रेयस्कर.

केंद्र सरकारने २०२२ च्या प्रारंभी वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राची मुदत आणि नोंदणी क्रमांक काचेवर दाखवण्याविषयी एक मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यातही मोटारींसाठी काचेच्या वरच्या कडेची डावी बाजूच सुचवली होती. जागेबाबतचा विचार कसा सातत्याने एकाच दिशेने जातो, हे यावरून दिसते.

दृष्टीआड काय होते?

डाव्या कोपऱ्यातला स्टिकर डाव्या स्टिअरिंगच्या चालकाला खरोखरच किती अडवतो? काचेचा वरचा कोपरा हा तसा कमी वापराचा भाग. समोरचा रस्ता, पादचारी आणि पुढचे वाहन दिसते ते काचेच्या मधल्या आणि खालच्या पट्ट्यातून. वरच्या कोपऱ्यातून दिसतो तो प्रामुख्याने रस्त्याकडेच्या खांबावरचा सिग्नल आणि दिशाफलक. स्टिकर वरच्या कडेला आणि बाजूच्या खांबाला जितका लगटून असेल, तितका अडथळा कमी. काचेच्या मध्याकडे सरकलेला स्टिकर मात्र अडचणीचा ठरतो. जुन्या गाड्यांच्या काचा बुटक्या असतात, काहींच्या काचा मधोमध जोडलेल्या दोन तुकड्यांच्या असतात. तेथे हा दोन-तीन बोटांचा फरकही जाणवतो.

खरा धोका अधिकृत स्टिकरचा नसून त्याच्याभोवती जमणाऱ्या गोतावळ्याचा असतो. सोसायटीचा पार्किंग पास, क्लबचे बोधचिन्ह, कार्यालयाचा प्रवेशपास, मागच्या वर्षीच्या मोटारफेरीचा क्रमांक, आरशाला लोंबणारी माळ या साऱ्यांतून काचेचा मोठा भाग व्यापला जातो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत हा पसारा डावीकडे खपून जातो. डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो चालकाची नजरच झाकतो. नियमानुसार समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जाणे आवश्यक आहे आणि काळ्या फिल्मविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कठोर भूमिका घेतली. त्यामागचा एक विचार स्वच्छ दृष्टीचाच आहे. म्हणून अशा गाडीत डावा कोपरा केवळ शासनाच्या खुणेसाठी राखून ठेवावा आणि बाकीचे खासगी पास उजवीकडे लावावेत. त्यांना जागेचे कायदेशीर बंधन नसते.

टोलनाक्यावरील फास्टॅगचा प्रश्न सोपा आहे. तो काचेच्या मध्यभागी, आतील आरशाच्या मागे लावायचा असतो. त्यामुळे डाव्या-उजव्याचा वादच उरत नाही. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवरील सर्व टोल-मार्गिका फास्टॅगच्या झाल्या. काही चालक टॅग न चिकटवता हातात धरून दाखवतात; अशा सुट्या टॅगना काळ्या यादीत टाकण्याची भूमिका राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने जुलै २०२५ मध्ये घेतली. व्हिंटेज गाडीची काच खराब होऊ नये म्हणून टॅग डॅशबोर्डवर ठेवणाऱ्या हौशी मालकांनी याची नोंद घ्यायला हवी. डाव्या स्टिअरिंगच्या चालकाला टोलखिडकीपर्यंत हात पोहोचवता येत नाही, त्यामुळे नीट चिकटवलेला टॅग त्याच्याच सोयीचा आहे.

बाळगायचे ते वेगळे

काचेवर काही लावले म्हणून बाकीच्या कागदपत्रांतून सुटका होत नाही. नोंदणी, विमा, पीयूसी आणि परवाना मागितल्यावर दाखवावेच लागतात. २०१८ मधील दुरुस्तीनंतर ते डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधून मोबाइलवर दाखवलेले चालतात. पीयूसी काचेवर चिकटवण्याची काही जणांची सवय असते. तशी गरज नाही. मात्र ते नसल्यास २०१९ च्या दुरुस्तीनुसार दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. विमा नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार आणि पुन्हा सापडल्यास चार हजार रुपये दंड, शिवाय तीन महिन्यांपर्यंत तुरुंगवासाचीही तरतूद आहे.

परदेशातून स्वतःची गाडी घेऊन खुश्कीच्या मार्गाने वा जहाजाने येणारे पर्यटक मुंबई-गोवा रस्त्यावर कधीमधी दिसतात. त्यांच्या गाड्या बहुधा डाव्या स्टिअरिंगच्या असतात. अशा वैयक्तिक वाहनांसाठी केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये स्वतंत्र नियम लागू केले. त्यानुसार वैध नोंदणी प्रमाणपत्र, चालक परवाना किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा आणि मायदेशी लागू असल्यास प्रदूषण प्रमाणपत्र गाडीत बाळगावे लागते. ही कागदपत्रे इंग्रजीखेरीज अन्य भाषेत असतील, तर ती देणाऱ्या प्राधिकाऱ्याने प्रमाणित केलेला इंग्रजी अनुवाद मूळ प्रतीसोबत हवा. अशा गाडीतून येथील स्थानिक प्रवासी किंवा माल नेता येत नाही.

व्हिंटेज गाड्यांसाठी जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र तरतूद झाली. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला वेगळा नोंदणी क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीसाठी २० हजार, तर पुनर्नोंदणीसाठी पाच हजार रुपये शुल्क आहे. प्रदर्शन, व्हिंटेज फेरी, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती अशा कारणांसाठीच ही गाडी रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही. आजोबांची गाडी गॅरेजमधून बाहेर काढून घरातल्या लग्नाच्या वरातीला भाड्याने देण्याचा बेत आखणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

कागदापलीकडची काळजी

डाव्या स्टिअरिंगची गाडी आपल्या रस्त्यांवर चालवताना स्टिकरइतकीच, किंबहुना अधिक, दक्षता दोन बाबतींत हवी. पहिली हेडलाइटची. उजवीकडून वाहतूक चालणाऱ्या देशांसाठी बनवलेल्या दिव्यांचा खालचा झोत उजव्या कडेकडे किंचित वर उचललेला असतो. तेथे तो पदपथ उजळतो. आपल्याकडे तोच झोत समोरून येणाऱ्या चालकाचे डोळे दिपवतो. दिवे बदलणे किंवा झोत जुळवून घेणे हा त्यावरचा उपाय. दुसरी बाब ओलांडून जाण्याची. कडेला बसलेल्या चालकाला पुढच्या ट्रकच्या उजवीकडचा रस्ता दिसत नाही. तो पाहण्यासाठी गाडीचा बराचसा भाग आधी समोरच्या मार्गिकेत न्यावा लागतो. दोनपदरी रस्त्यावर ही जिवाशी गाठ ठरते. शेजारी बसलेल्या जाणत्या व्यक्तीचे डोळे येथे आरशाहून मोलाचे ठरतात.

काचेवरच्या कागदाचे युग हळूहळू मावळत आहे. ब्रिटनची चकती गेली, फ्रान्सचा हिरवा कागद गेला, आपल्याकडचे टोकनही इतिहासजमा झाले. कॅमेरे पाटी वाचतात आणि दंडाचा संदेश थेट मोबाइलवर येतो. तरीही होलोग्रामची तिसरी खूण अजून काचेवर आहे, कारण पाटी बदलणाऱ्या चोराला तेवढ्या सहजतेने काचेवरची खूण बदलता येत नाही. ती आहे तोवर तिची जागाही ठरलेली आहे. गाडी कोणत्याही देशाची असो, चालक कुठेही बसो, आपल्या रस्त्याची कड डावीकडे आहे आणि कागदानेही तिकडेच तोंड करून राहायचे आहे.